पोस्टग्रेसवर ऑडिट लॉग लावताना बॅकअप अडचणीत येऊ नये म्हणून

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसवर ऑडिट लॉग लावण्याचा निर्णय सहसा डीबीएचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचा, नसतो. कंपनीज (अकाउंट्स) रूल्समुळे १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, बंधनकारक झाला. तेव्हापासून सीए मंडळी विचारू लागली की कुणी थेट डेटाबेसमध्ये शिरून रक्कम बदलली तर ते कुठे दिसतं? मग घाईघाईत पीजीऑडिट, म्हणजे पोस्टग्रेसवर कुणी काय केलं ते लॉगमध्ये लिहिणारं एक्स्टेन्शन, बसवलं जातं, लॉगमध्ये ओळी दिसू लागतात आणि काम झालं असं धरलं जातं. त्याच नियमांत ऑगस्ट २०२२ पासून बॅकअपही रोज घेण्याची अट आहे. पण ऑडिटची सेटिंग बदलताना बॅकअपकडे कुणी पाहत नाही. परिणाम पुढे दिसतात: लॉगने डिस्क भरते, रात्रीचा बॅकअप फुगत जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरजेच्या दिवशी रिस्टोअर केलेला सर्व्हर चालूच होत नाही.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी ऑडिट आणि बॅकअप एकाच बैठकीत ठरवावे लागतात. खालचा क्रम पोस्टग्रेस १४ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंगने टाकायची.

पहिलं काम: लॉग डेटा डिरेक्टरीच्या बाहेर काढा

पीजीऑडिट स्वतःची वेगळी फाइल बनवत नाही. त्याच्या ओळी पोस्टग्रेसच्या नेहमीच्या लॉगमध्येच पडतात. म्हणून एक्स्टेन्शनला हात लावण्याआधी लॉग कुठे पडतो ते पाहा. लॉग_डिरेक्टरी या सेटिंगची मूळ किंमत नुसती ‘लॉग’ अशी आहे. हा रिलेटिव्ह पाथ असल्यामुळे फोल्डर डेटा डिरेक्टरीच्या (डेटाबेसच्या फाइली जिथे असतात त्या फोल्डरच्या) पोटातच तयार होतं. रेड हॅट लिनक्स आणि तिच्या भावंडांवर हीच स्थिती असते. तिथून तीन दुखणी सुरू होतात.

पीजी_बेसबॅकअप, म्हणजे फाइलींची जशीच्या तशी प्रत घेणारी कमांड, डेटा डिरेक्टरीतली काही फोल्डरं आपणहून वगळते, पण लॉगचं फोल्डर त्यांत नाही. ते वगळा असं सांगायचा पर्यायही त्या कमांडला नाही. म्हणजे ऑडिटच्या जुन्या फाइली रोज रात्री पुन्हा पुन्हा बॅकअपमध्ये जातात. डेटाबेस तेवढाच असतो आणि बॅकअप मात्र वाढत जातो.

दुसरं दुखणं जागेचं. लॉग आणि वॉल (प्रत्येक बदल आधी ज्यात लिहिला जातो त्या पोस्टग्रेसच्या फाइली) एकाच पार्टिशनवर असतील तर ऑडिटने खाल्लेली जागा वॉलला मिळत नाही. त्यात वॉलचं आर्काइव्हिंग अडकलं, तर जुने सेगमेंट पुसले जात नाहीत आणि उरलेली जागाही भरते. वॉल लिहिता आला नाही की पोस्टग्रेस पॅनिक देऊन थांबतं. भरली असेल फक्त लॉगची डिस्क, तर उलट घडतं: सर्व्हर चालू राहतो आणि ऑडिटच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत. दुसरी स्थिती जास्त धोक्याची आहे, कारण तक्रार करायला कुणी येत नाही.

तिसऱ्या दुखण्याचा विचार तर फारच कमी जण करतात. कुणीतरी दुपारी टेबल उडवलं, तुम्ही डेटा डिरेक्टरी रिकामी करून काल रात्रीचा बॅकअप तिथे उतरवला. टेबल परत आलं. पण टेबल कुणी उडवलं हे सांगणारी आजची ऑडिट फाइल त्याच डिरेक्टरीत होती आणि ती गेली. रिस्टोअरनेच पुरावा पुसला.

म्हणून लॉगसाठी वेगळा लॉजिकल व्हॉल्यूम बनवा, तो व्हार-लॉगखाली पीजीऑडिट अशा फोल्डरवर माउंट करा, मालकी पोस्टग्रेस युजरकडे द्या आणि लॉग_डिरेक्टरीमध्ये पूर्ण पाथ लिहा. लॉग उचलून नेणारा एजंट वेगळ्या युजरने चालत असेल तर लॉग_फाइल_मोड ०६४० करा आणि त्या युजरला ग्रुपमध्ये घ्या. सगळ्यांना वाचायची मुभा देऊ नका. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) चालू असेल तर नव्या फोल्डरला पोस्टग्रेसक्यूएल_लॉग_टी हा प्रकार लावावा लागतो, नाहीतर परवानग्या बरोबर असूनही सर्व्हर लिहू शकत नाही. या व्हॉल्यूमवर ७० टक्क्यांना इशारा लावा. ९० टक्क्यांना आलेल्या इशाऱ्याचा महिनाअखेरीच्या रात्री फारसा उपयोग होत नाही.

उबंटू आणि डेबियनवर लॉग आधीच व्हार-लॉगखाली जातो, पण ते बहुतेक वेळा रूट पार्टिशनच असतं. तिथेही वेगळा व्हॉल्यूम हवाच.

लॉगच्या ओळी गोळा करून फाइलमध्ये लिहिणारा लॉगिंग_कलेक्टर चालू ठेवा. संदेश हरवू नयेत या हेतूनेच तो बनवलेला आहे; फार ताण आला तर तो डेटाबेसच्या प्रोसेसना थोडं थांबवतो. सिसलॉग, म्हणजे लिनक्सची सामाईक लॉग यंत्रणा, अशा वेळी संदेश टाकून देणं पसंत करतो. ऑडिटसाठी कलेक्टरच बरा.

पीजीऑडिट बसवण्याचा क्रम

आवृत्तीची जोडी जुळलीच पाहिजे: पोस्टग्रेस १४ ला पीजीऑडिट १.६, १५ ला १.७, आणि १६ पासून दोघांचा मुख्य आकडा एकच. पॅकेज टाका, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये पीजीऑडिट लिहा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. इथे नुसत्या रीलोडने भागत नाही. मग ज्या डेटाबेसचं ऑडिट हवं त्यात क्रिएट एक्स्टेन्शन चालवा, आणि त्यानंतरच पीजीऑडिट.लॉग ही सेटिंग भरा. हा क्रम उलटा करू नये असं प्रकल्पाच्या माहितीतच सांगितलेलं आहे.

किती नोंदवायचं

‘ऑल’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. गजबजलेल्या सर्व्हरवर तो मोह महागात पडतो. सर्वसाधारण सेटिंग ‘डीडीएल, रोल, राइट’ एवढी ठेवा. टेबलची रचना कुणी बदलली, अधिकार कुणी दिले-काढले आणि डेटा कुणी बदलला हे त्यातून येतं.

वाचनाची नोंद सगळ्या टेबलांवर लागत नाही. पगार, केवायसी, पॅन, आधार अशी मोजकी टेबलं असतात. त्यांच्यासाठी ऑब्जेक्ट ऑडिट वापरा: लॉगिन नसलेला ‘ऑडिटर’ रोल बनवा, पीजीऑडिट.रोलमध्ये त्याचं नाव लिहा आणि फक्त त्या टेबलांवर त्याला सिलेक्टचा अधिकार द्या. त्यानंतर ते टेबल कुणीही वाचलं की नोंद होते.

पीजीऑडिट.लॉग_कॅटलॉग मूळचा चालू असतो, तो बंद करा. बॅकअपच्या दृष्टीने या एका सेटिंगचा फरक फार मोठा आहे. पीजी_डंप, म्हणजे डेटाबेसची एसक्यूएलमध्ये प्रत काढणारी कमांड, डेटाला हात लावण्याआधी टेबलं, कॉलम, इंडेक्स, अधिकार यांची माहिती सिस्टिम कॅटलॉगमधून असंख्य क्वेऱ्यांनी गोळा करतं. वाचनाची नोंद चालू असेल तर त्या सगळ्या लांबलचक क्वेऱ्या लॉगमध्ये उतरतात आणि कामाची ओळ त्यांत हरवते.

लॉग_स्टेटमेंट ‘ऑल’ असेल तर तोही बंद करा, नाहीतर प्रत्येक विधान दोनदा लिहिलं जातं. पीजीऑडिट.लॉग_पॅरामीटर चालू करण्याआधी नीट विचार करा. त्याने ॲपने पाठवलेल्या किमती, म्हणजे खातेदाराचा मोबाइल आणि पॅनसुद्धा, साध्या मजकुरात लॉगमध्ये येतात. मग लॉगचा बॅकअप डेटाबेसच्या बॅकअपइतकाच जपावा लागतो, एन्क्रिप्शनसकट.

ओळीच्या सुरुवातीला काय छापायचं ते लॉग_लाइन_प्रीफिक्स ठरवतं. त्यात मिलिसेकंदासह वेळ, प्रोसेस क्रमांक, युजर, डेटाबेस, होस्ट आणि ॲप्लिकेशनचं नाव हे सगळं हवं. मूळ सेटिंगमध्ये युजर आणि होस्ट नसतात, आणि त्यांच्याशिवाय ऑडिटची ओळ निनावी पत्रासारखी असते.

बॅकअपचा रोल: त्याची नोंद बंद करू नका

बॅकअपमुळे लॉग वाढतो म्हणून अनेक ठिकाणी बॅकअपच्या रोलसाठी ऑडिट सरळ ‘नन’ करतात. मला हे धोक्याचं वाटतं. सगळा डेटाबेस एका झटक्यात वाचू शकणारा हाच तर रोल आहे, आणि त्याचा पासवर्ड सहसा एखाद्या स्क्रिप्टशेजारच्या फाइलमध्ये पडलेला असतो. डेटा चोरायचा असेल तर याहून सोयीचं दार नाही.

उलट त्याची नोंद जास्त काटेकोर ठेवा. सुपरयुजरने बॅकअप घेऊ नका. वेगळा रोल बनवून त्याला पीजी_रीड_ऑल_डेटा हा तयार अधिकार द्या, जो आवृत्ती १४ पासून मिळतो. रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसतील ते ठरवणारी सोय) वापरत असाल तर बायपास-आरएलएसही द्यावं लागतं, नाहीतर डंप मध्येच थांबतो. पीजी_एचबीएमध्ये (कुणी कुठून जोडायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) हा रोल फक्त बॅकअप सर्व्हरच्या आयपीवरून येऊ द्या. मग ऑल्टर रोल वापरून त्या रोलपुरतं पीजीऑडिट.लॉग ‘रीड, राइट, डीडीएल, रोल’ करा. नुसतं ‘रीड’ लिहू नका: रोलवरची किंमत सर्व्हरच्या किमतीत मिसळत नाही, तिची जागा घेते. नुसत्या ‘रीड’ने त्या रोलने केलेले बदल नोंदीतून सुटतील.

एवढं केल्यावर लॉग किती वाढतो? पीजी_डंप प्रत्येक टेबलासाठी एक कॉपी विधान चालवतं, आणि पीजीऑडिट विधान नोंदवतं, त्यातल्या ओळी नाही. टेबलात पाच कोटी नोंदी असल्या तरी लॉगमध्ये ओळ एकच: आधी वेळ, रोल, होस्ट आणि ‘पीजी_डंप’ हे ॲप्लिकेशनचं नाव, मग वर्ग ‘रीड’, आणि मग ‘कॉपी’ने सुरू होणारं विधान, ज्यात टेबल आणि कॉलमची नावं. तीनशे टेबलांच्या डेटाबेसला साधारण तीनशे अशा ओळी.

या ओळी वाया जात नाहीत. रोज सकाळी बॅकअप रोलच्या कॉपी ओळी मोजणारी छोटी स्क्रिप्ट लावा आणि आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहा. कमी आला तर डंप अर्धवट आहे, शून्य आला तर बॅकअप झालाच नाही. रात्री दोनऐवजी दुपारी चारला या ओळी दिसल्या, तर बॅकअपच्या नावाखाली दुसरंच काही चाललंय. गिटलॅबच्या ३१ जानेवारी २०१७ च्या दुर्घटनेत हीच उणीव उघडी पडली. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंपची कमांड ९.२ ची, त्यामुळे डंप रोज अपयशी होत होता. अपयशाचे ईमेल डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या नियमात अडकून परत जात होते. बॅकअप होत नाहीये हे डेटा गेल्यावर कळलं. बॅकअपच्या स्क्रिप्टने स्वतःबद्दल दिलेल्या साक्षीपेक्षा डेटाबेसने दिलेली साक्ष जास्त भरवशाची.

पीजी_बेसबॅकअप पीजीऑडिटला दिसत नाही

पीजीऑडिट एसक्यूएल पाहतं. पीजी_बेसबॅकअप रेप्लिकेशन प्रोटोकॉलवरून चालतं, त्यात एसक्यूएल विधानच नसतं. त्यामुळे रेप्लिकेशनचा अधिकार असलेला माणूस अख्खा क्लस्टर उचलून नेऊ शकतो आणि पीजीऑडिटमध्ये एक ओळही पडत नाही. यावर उपाय सोपा आहे: लॉग_रेप्लिकेशन_कमांड्स आणि लॉग_कनेक्शन्स चालू करा. पहिली सेटिंग मूळची बंद असते. चालू केल्यावर बेस बॅकअप कुणी, कुठून मागितला ते नेहमीच्या लॉगमध्ये येतं. पीजीबॅकरेस्टसारखी साधनं फाइली थेट डिस्कवरून वाचतात, तिथली नजर लिनक्सच्या ऑडिटडीकडे द्यावी लागते.

सुपरयुजरबद्दलही मनात भ्रम नको. तो पीजीऑडिट बंद करू शकतो, म्हणून त्याचं ऑडिट या साधनाने खात्रीने होत नाही. रोजच्या कामातून सुपरयुजर काढून टाकणं आणि लॉग लगेच दुसऱ्या यंत्रावर पाठवणं, एवढंच हातात राहतं.

१८० दिवसांचं गणित

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे असतात. आता मूळ सेटिंग पाहा. रेड हॅटवर फाइलचं नाव वाराच्या आद्याक्षरांवरून ठरतं आणि लॉग_ट्रंकेट_ऑन_रोटेशन चालू असतं. म्हणजे या सोमवारची फाइल पुढच्या सोमवारी पुसली जाते, हातात फक्त सात दिवस राहतात. उबंटूवर लॉगरोटेट दर आठवड्याला फाइल फिरवतो आणि दहा ठेवतो, म्हणजे साधारण सत्तर दिवस. शिवाय तो कॉपी-ट्रंकेट पद्धत वापरतो. कॉपी झाल्यावर आणि फाइल रिकामी होण्याआधी पडलेल्या ओळी त्यात हरवू शकतात.

तेव्हा फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस आणि वेळ घाला, ट्रंकेट बंद करा, रोटेशन रोज एकदा आणि शिवाय एक जीबीच्या मर्यादेवर ठेवा. कलेक्टर चालू असताना त्याच फाइलींवर लॉगरोटेट लावू नका. बंद झालेली फाइल दाबून, तिचा चेकसम लिहून, दुसऱ्या यंत्रावर किंवा ऑब्जेक्ट लॉक असलेल्या स्टोरेजवर पाठवा, जिथे डेटाबेसच्या ॲडमिनला पुसण्याचा अधिकार नाही. हे काम पीजी_डंपच्या वेळेत चालवू नका. दोघं एकाच वेळी डिस्कवर तुटून पडले तर बॅकअपची खिडकी ओलांडली जाते.

जागा किती लागेल याचा अंदाज बसून काढू नका. एक पूर्ण कामाचा दिवस, शक्य तर महिनाअखेरीचा, मोजा. दिवसाला ३ जीबी आले तर १८० दिवसांचे ५४० जीबी. असा मजकूर दाबल्यावर बराच लहान होतो, पण व्हॉल्यूम न दाबलेल्या काही दिवसांना पुरेल एवढा घ्या.

बॅकअपमधून निसटणाऱ्या गोष्टी

पीजी_डंप रोल घेत नाही. ‘ऑडिटर’ रोल आणि बॅकअप रोलवर लावलेली पीजीऑडिट सेटिंग पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायातून घ्यावी लागते. एखाद्या डेटाबेसपुरती केलेली सेटिंग तर आवृत्ती ११ पासून फक्त पीजी_डंपच्या क्रिएट पर्यायातून येते. उबंटूवर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ आणि पीजी_एचबीए डेटा डिरेक्टरीत नसतात, ईटीसीखाली असतात, म्हणून पीजी_बेसबॅकअपमध्येही येत नाहीत. ते फोल्डर रोज वेगळं उचला.

रंगीत तालीम

दर तिमाहीला एका कोऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून पाहा. ऑडिटमुळे येणाऱ्या अडचणी इथेच उघड्या पडतात.

बेस बॅकअप उतरवला, सर्व्हर चालू केला, आणि तो लगेच पडला: पीजीऑडिट ही फाइल सापडत नाही. कॉन्फमध्ये प्रीलोडची ओळ आहे, पण नव्या यंत्रावर पॅकेज नाही. पॅकेज टाकलं की दुसरी अडचण, लॉगचं फोल्डर नाही. पूर्ण पाथ दिलेला असतो आणि नव्या यंत्रावर तो व्हॉल्यूम माउंट नसतो. दोन्ही गोष्टी रिस्टोअरच्या कागदावर पहिल्या दोन ओळींत लिहून ठेवा. रात्री तीन वाजता प्रीलोडची ओळ खोडून सर्व्हर चालू करणं सोपं असतं, आणि ती ओळ परत घालायची राहून जाते.

डंपवरून रिस्टोअर करताना प्रकार आणखी गुपचूप घडतो. ‘ऑडिटर’ रोल नसेल तर त्याला दिलेले अधिकार चुकतात, पण पीजी_रिस्टोअर न थांबता पुढे जातं आणि शेवटी इतक्या त्रुटी दुर्लक्षिल्या एवढंच सांगतं. डेटा पूर्ण आला, ॲप चालू झालं, सगळे खूश. आणि पगाराच्या टेबलावरचं ऑडिट मात्र बंद. म्हणून आधी ग्लोबल्स, मग डंप, आणि शेवटी त्या टेबलावर एक सिलेक्ट चालवून लॉगमध्ये ओळ आली का ते डोळ्यांनी पाहायचं.

इन्सर्ट पर्यायाने घेतलेला डंप असेल तर रिस्टोअरमध्ये प्रत्येक इन्सर्टची ऑडिट ओळ पडते आणि लॉग डेटाच्याही पुढे जाऊ शकतो. साधा कॉपीचा डंप घ्या. इलाज नसेल तर पीजीऑप्शन्समधून त्या एका सेशनपुरतं ऑडिट ‘नन’ करा आणि कुणी, केव्हा, का केलं ते बदलाच्या नोंदवहीत लिहा.

वेळेवर परत जाताना

चांगला ऑडिट लॉग असेल तर पॉइंट-इन-टाइम रिकव्हरीत, म्हणजे डेटाबेस हव्या त्या क्षणाच्या स्थितीला परत नेताना, तो तुमचा वाटाड्या होतो. टेबल उडवल्याची ओळ शोधा, वेळ घ्या आणि रिकव्हरी_टार्गेट_टाइम त्याच्या किंचित आधीचा द्या. ओळीवरची वेळ ती ओळ लिहिल्याची असते, तर रिकव्हरी कमिटच्या वेळेवर थांबते. त्यामुळे आधीचा क्षण देणंच सुरक्षित.

वेळ लिहिताना मात्र भारतातल्या लोकांसाठी इथे एक सापळा आहे. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात, म्हणून लॉग_टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करून घ्या. आणि टार्गेटच्या वेळेपुढे ‘आयएसटी’ कधीही लिहू नका. पोस्टग्रेसच्या मूळ संक्षेपांच्या यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, जी आपल्या साडेतीन तास मागे आहे. टाइमझोन_ॲब्रिव्हिएशन्स ही सेटिंग कॉन्फमध्ये आधी लिहिलेली नसेल तर टार्गेटच्या वेळेत असा संक्षेप चालतच नाही; लिहिलेली असेल तर दुपारी तीनच्या ऐवजी सर्व्हर आपल्या संध्याकाळच्या साडेसहापर्यंत वॉल लावत जाऊ शकतो आणि उडवलेलं टेबल पुन्हा उडेल. वेळेपुढे +०५:३० असं आकड्यांतच लिहा, आणि रिकव्हरीनंतर लगेच प्रमोट न करता (सर्व्हर लिहिण्यासाठी खुला न करता) आधी पॉजवर थांबवून टेबल आहे का ते तपासा.